तीन पिढ्या, २३ माणसं आणि खोपोलीचं थीम पार्क: आखणी कशी करावी?

सायली_कर्वेनगर

जानेवारीत बाबांना ७५ पूर्ण होतायत. शांत करायची की हॉल घेऊन सगळ्यांना बोलवायचं, यावर घरात बरेच दिवस बोलणं चाललं होतं. शेवटी बाबाच म्हणाले, "हॉल नको, पंगती नकोत. सगळी नातवंडं एकत्र खेळताना बघायची आहेत." नातवंडांनी लगेच इमॅजिकाचं नाव घेतलं आणि बाबा हो म्हणाले.

आम्ही एकूण २३ जण आहोत. आई-बाबा, बाबांची थोरली बहीण (आत्या, वय ८१, गुडघ्यांचा त्रास), साताऱ्याचे काका-काकू, आम्ही तिघं भावंडं आपापल्या घरच्यांसह, दोन चुलतभाऊ सहकुटुंब आणि माझ्या सासूबाई. मुलांमध्ये सगळ्यात मोठी पुतणी नववीत आहे, सगळ्यात लहान भाची दहा महिन्यांची. धाकट्या चुलतभावाच्या बायकोला तेव्हा पाचवा महिना असेल.

माझ्यापुढचे प्रश्न: एक दिवस पुरेल का? मुक्काम लोणावळ्यात करावा की खाली खोपोलीत? एक मोठी बस करावी की गाड्या न्याव्यात? खर्च कसा वाटून घ्यावा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातल्या मोठ्या माणसांचा दिवस कसा जाईल? पार्क मुलांचं असलं तरी निमित्त बाबांचं आहे.

घाटपायथा

माझं माहेर खोपोलीचं, सासर धनकवडी. त्यामुळे हा रस्ता पायाखालचा आहे.

जानेवारी निवडलात ते उत्तम. पुण्याच्या लोकांना वाटतं घाटाखाली उतरलं तरी हवा आपल्यासारखीच असेल, पण खोपोली म्हणजे कोकणाची सुरुवात. एप्रिल-मे मध्ये तिथे घामाने जीव नकोसा होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना पुण्याच्या कोरड्या उन्हापेक्षा ही दमट हवा जास्त थकवते. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राईड थांबवाव्याच लागतात. जानेवारीत सकाळी गारवा असतो आणि दुपारही सोसते.

मात्र शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळा. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या. मंगळवार ते गुरुवारात रांगा कमी असतात, तिकीटही बहुधा स्वस्त असतं, आणि शनिवारी सकाळी बोरघाटात अडकण्याचा प्रश्नच येत नाही. तारीख पक्की करण्याआधी पार्क त्या दिवशी उघडं आहे ना आणि वेळा काय आहेत, ते त्यांच्याच वेबसाइटवर बघा.

मुक्काम खाली करा. पार्कला लागून हॉटेल आहे, शिवाय खोपोली-पाली रस्त्यावर बंगले आणि रिसॉर्ट आहेत. लोणावळ्यात राहिलात तर सकाळी घाट उतरायचा आणि दिवसभर दमल्यावर रात्री चढायचा. त्या घाटात मागे बसलेल्या मुलांना हमखास उलट्या होतात.

दोनपोरांचीआई_वाकड

आज संध्याकाळी एक काम करा. सगळ्या मुलांना भिंतीला उभं करून उंची मोजा आणि लिहून ठेवा. वय विचारतच नाहीत, सगळा हिशोब उंचीवर. तिकीट लहान मुलाचं की मोठ्याचं हे उंचीवर ठरतं आणि कुठल्या राईडवर बसता येईल हेही उंचीवरच. प्रत्येक राईडची मर्यादा वेगळी असते. घरीच ती यादी मुलांपुढे ठेवली की कोण कशावर बसू शकेल हे त्यांना आधीच कळतं. अर्धा तास रांगेत थांबून पट्टीपाशी "तू नाही" ऐकलेलं पोर दिवसभर हिरमुसलेलं राहतं. दोन भावंडांपैकी एक आत गेलं आणि दुसरं बाहेर राहिलं तर आणखीच.

नववीतल्या पुतणीला नायट्रोवर जायचंच असणार. पायाखाली तळ नसलेला कोस्टर आहे तो, पाय मोकळे लोंबतात, पाच वेळा उलटं होतं, उंची सुमारे ४० मीटर आणि वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे. तिच्याबरोबर कोण बसणार ते आधी ठरवा. कोणी नाही म्हटलं तर आग्रह करू नका.

सात-आठ वर्षांच्या मुलांना राजासॉरसची राईड फार आवडते. अंधारातून होडी जाते, डायनासोर दिसतात आणि शेवटी होडी पाण्यात खाली झेपावते, थोडं भिजायला होतं. निघण्याआधी मुलांना सांगा की राजासॉरस हा खरोखरचा भारतीय डायनासोर आहे. त्याचे अवशेष गुजरातमध्ये सापडले आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. माझ्या मुलाने हे पूर्ण रांगेला सांगितलं होतं.

मंदार_सिंहगडरोड

२३ जणांचा मुक्काम, गाड्या, तिकिटं धरली तर खर्च लहान नाही. ७५ वर्षं आयुष्यात एकदाच पूर्ण होतात. सिंगापूरचा विचार केलाय का? सेंटोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओज आहे, बाकी शहरही ज्येष्ठांना फिरायला सोपं आहे. नाहीतर हाँगकाँगचं डिस्नेलँड, २००५ पासून सुरू आहे आणि आकाराने आटोपशीर आहे. आम्ही आठ जण गेलो होतो, आई-वडिलांना फार आनंद झाला.

सायली_कर्वेनगर

मंदार, मनापासून सुचवलंत, पण आमच्याकडे ते जमणारं नाही. काका-काकूंकडे पासपोर्ट नाहीत, आत्याला विमानात इतका वेळ बसवणार नाही, आणि दहा महिन्यांचं बाळ आहे. शिवाय एका चुलतभावाला तो खर्च जड जाईल. तो बोलणार नाही, कर्ज काढून येईल. तसं मला नको आहे.

सिस्टर_पद्मा_निवृत्त

मी परिचारिका होते, म्हणून तेवढ्यापुरतं लिहिते.

पाचव्या महिन्यातल्या सुनेने कुठल्याही झटक्याच्या, पडण्याच्या किंवा गरगर फिरणाऱ्या राईडवर बसायचं नाही. "हळूच आहे गं" म्हणून कोणी आग्रह केला तरी नाही. तिला घाट आणि दिवसभराचं चालणं झेपेल का, हे तिच्या डॉक्टरांना विचारूनच तिने यावं. आली तर तिच्यासाठी सावलीची जागा, आणि तास-दीड तासाने काहीतरी खायला हवं.

बीपी, हृदयविकार, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांसाठी प्रत्येक राईडबाहेर सूचना लावलेली असते, ती वाचा. चाळिशीतल्या पुरुषांना मी हे मुद्दाम सांगते, कारण आजोबा आपणहून बाजूला थांबतात, पण मानेत पट्टा घालून ऑफिसला जाणारा जावई मुलांच्या आग्रहाखातर कोस्टरवर चढतो.

मधुमेह असलेल्यांचं जेवण वेळेवर व्हायलाच हवं. पार्कात बाहेरचे पदार्थ नेऊ देत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं यांची अडचण सहसा येत नाही, तरी आधी फोन करून विचारा आणि प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा. गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात. सगळ्यांच्या गोळ्या एका पिशवीत ठेवल्या की ती पिशवी नेमकी दुसऱ्या टोकाला असते. आत्यांसाठी व्हीलचेअर मिळते का, किती वाजेपर्यंत, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. "मला नको खुर्ची" असं त्या म्हणतील. खुर्ची बरोबर असू द्या, लागली तर बसतील.

पेठेतल्या_काकू

सायली, तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरची अशी सहल झाली तेव्हा मी साठीची होते. सकाळी आत शिरल्याबरोबर एका झाडाखाली चटई पसरली आणि मला व जाऊबाईंना तिथे बसवलं. "तुम्ही निवांत बसा, आम्ही येतोच." मग आमच्यापाशी पिशव्या आल्या, मोबाईल आले, चपला आल्या, झोपलेलं बाळ आलं. मंडळी येत होती, पाणी पीत होती आणि परत जात होती. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण त्या दिवशी मी काय पाहिलं असं कोणी विचारलं तर सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. रात्री सगळे आपापल्या राईडच्या गोष्टी सांगत होते आणि मी पानं वाढत होते.

म्हणून तुला कळकळीने सांगते. घरातल्या कुठल्याही बाईला पिशव्यांपाशी बसवू नका. तिथे लॉकर भाड्याने मिळतात, चार-पाच घ्या. बाळाला सांभाळायच्या पाळ्या लावा आणि त्या पाळ्यांमध्ये पुरुषांचीही नावं लिहा. कागदावर लिहा, कारण तोंडी ठरलेली पाळी फिरून आजीवरच येते.

दुसरी गोष्ट, २३ जणांनी दिवसभर एकत्र फिरायचा हट्ट सोडा. २३ जण एकत्र चालायला लागले की सगळे सगळ्यांची वाट बघत राहतात. गट वय बघून पाडू नका, ज्याला जे आवडतं त्यावरून पाडा. माझे दीर सत्तरीचे होते आणि प्रत्येक राईडवर बसले, तर माझी बारा वर्षांची पुतणी उंचीला घाबरायची. बाबांना विचारा त्यांना काय करायचंय. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी "बघत बसणं" ठरवून टाकलं असेल.

सायली_कर्वेनगर

काकू, वाचून थांबलेच मी. आईने परवाच सांगितलं होतं, "मी बसेन बाळाला घेऊन, तुम्ही मजा करा." आणि मी "बरं" म्हटलं होतं.

आत्ता तिला फोन करून विचारलं, तुला स्वतःला काय करायला आवडेल? आधी "काही नाही गं" म्हणाली. मग म्हणाली, घोड्यांचं गोल फिरणारं असतं ना, त्यावर मी लहानपणी जत्रेत बसले होते.

बाबांनाही विचारलं. त्यांना एक तरी खरी राईड करायची आहे, पण मानेचा त्रास आहे. काय सुचवाल?

दोनपोरांचीआई_वाकड

आईंना मॅजिक कॅरोसेलवर नातवंडांबरोबर नक्की बसवा.

बाबांसाठी "आय फॉर इंडिया" बघा. मोठ्या पडद्यापुढे खुर्च्या अधांतरी असतात आणि आपण देशावरून उडत चाललोय असं वाटतं. माझे सासरे खूश झाले होते. खुर्ची थोडी हलते, त्यामुळे मानेचं डॉक्टरांना विचारा आणि चक्कर येत असेल तर टाळा. अलीबाबाची राईडही बसल्या जागी नेम धरायची आहे, आजोबा आणि नातू एका गाडीत बसून खेळू शकतात. संध्याकाळी परेड असते, तेव्हा मात्र २३ जण एकत्र थांबा. त्या वेळेच्या थोडं आधी जाऊन आत्यांना पुढची जागा धरा.

पालीकर_सध्या_बाणेर

पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, म्हणजे तुम्ही दोन अष्टविनायकांच्या मध्ये असणार आहात. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, आणि त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर. ज्यांना दोन दिवस पार्क नको आहे, त्यांचा दुसरा दिवस इथे सुंदर जाईल.

महडचं देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. १८९२ पासून तिथला नंदादीप अखंड तेवतोय असं सांगतात. देवळाजवळ तळं आहे, वातावरण घरगुती आहे. पालीला आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं. दगडी देऊळ आहे, पाठीशी सरसगड. तिथली मोठी घंटा बाबांना दाखवा. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी ती देवाला वाहिली. इतिहासाची आवड असेल तर तिथून लवकर हलणार नाहीत. पालीपासून जवळच उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना पाय बुडवून बसायला बरं वाटतं, फक्त पायऱ्या ओल्या असतात तेव्हा आत्यांचा हात धरा.

दोन सूचना. मोबाईलच्या नकाशात "महड, खोपोली" असंच टाका. नाहीतर चवदार तळ्याच्या महाडकडे, म्हणजे दक्षिणेला कित्येक किलोमीटर लांब, रस्ता दाखवला जातो. आणि पंचांग बघा. माघी गणेश जयंती जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते, त्या दिवसांत दोन्हीकडे मोठी गर्दी असते. संकष्टीही टाळा. घरात उपासाची माणसं असतील तर पार्कात त्यांची खाण्याची पंचाईत होईल, ते वेगळंच.

सिस्टर_पद्मा_निवृत्त

कुंडाचं पाणी चांगलं गरम असतं. बीपीवाल्यांनी आणि पाचव्या महिन्यातल्या सुनेने त्यात उतरू नये. मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी असते, आधी दुसऱ्या कोणीतरी हात घालून पाहावं.

ऋतुजा_सांगवी

दुसऱ्या दिवशी उरलेल्यांनी वॉटर पार्क करा. तो वेगळा भाग आहे, तिकीट वेगळं, दोघांचं मिळूनही असतं. तिथे पोहण्याचे नायलॉनचे कपडे सक्तीचे असतात. साडी, सुती कुडता, जीन्स चालत नाही. तिथे भाड्याने मिळतात, पण घरातल्या बायकांना ते कपडे आवडतीलच असं नाही. लक्ष्मी रोडला किंवा ऑनलाइन पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे मिळतात. आधी आणून घरी घालून बघितले की संकोच कमी होतो. माझ्या चुलतसासूबाई असे कपडे मिळाले म्हणूनच पाण्यात उतरल्या.

घाटपायथा

मला सलग दोन दिवस पार्क जरा जास्त वाटतं. लहान मुलं दुसऱ्या दिवशी किरकिरी होतात. जानेवारीच्या सकाळी पाणी गारही असतं. मी असते तर दुसऱ्या दिवशी बंगल्यावरच थांबले असते. मुलं अंगणात खेळतील, बाकीचे दर्शनाला.

ऋतुजा_सांगवी

ताई, मोठ्या मुलांना बंगल्यात बसवणं अवघड आहे. दुपारी अकरानंतर ऊन येतं, तेव्हा पाणी छान वाटतं. ज्यांना हवं त्यांनी जावं.

गाडीवाला_नऱ्हे

माझा गाड्यांचाच व्यवसाय आहे. २३ जणांसाठी एक मोठी बस करू नका. एक १७ सीटर ट्रॅव्हलर आणि घरच्या दोन कार आणा. ट्रॅव्हलरमध्ये सगळ्या जागा भरल्या की सामानाला जागा उरत नाही, म्हणून तिच्यात चौदाच माणसं बसवा. एक कार कायम आत्या, बाळ आणि पाचव्या महिन्यातल्या वहिनींच्या हाताशी ठेवा, तिच्याबरोबर गाडी चालवणारं माणूसही. कोणी दमलं तर ती कार लगेच मुक्कामावर जाईल, बाकीच्यांना उठावं लागणार नाही.

बाहेरगावच्या भाड्यात सहसा दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. तुमचं अंतर त्याहून कमीच होईल, तरी पैसे तेवढे लागतील. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता धरलाय का, हे बुकिंगच्या वेळी लिहून घ्या. ड्रायव्हरची रात्री झोपायची आणि जेवायची सोय करा. सकाळी घाट चढवणाऱ्या माणसाची झोप झालेली असली पाहिजे.

हिशोब_वही

पैशांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मोठ्या कुटुंबात मनं दुखावतात ती इथेच.

सरसकट माणशी काँट्री काढू नका. चार माणसांच्या घराला आणि एकट्या सासूबाईंना तो नियम सारखा लागू होत नाही. आमच्याकडे मुक्काम आणि गाडी हा सामायिक खर्च तिघा भावंडांनी मिळकत बघून उचलला आणि पार्कची तिकिटं ज्याची त्याने काढली. ज्येष्ठांची तिकिटं मुलांकडून. कोणी किती दिले हे त्या तिघांखेरीज कोणाला कळलं नाही. ज्या चुलतभावाचा उल्लेख केलात, त्याच्याशी सायलीताई, तुम्ही ग्रुपवर नाही, एकटीने बोला. त्याला पूर्ण फुकटही वाटू देऊ नका. सकाळचा नाश्ता किंवा बाबांचा केक तुझ्याकडे, असं सांगा. त्याचा मान राहिला पाहिजे.

रांग टाळायची महाग तिकिटं असतात. ती घ्यायची तर सगळ्या मुलांना घ्या किंवा कोणालाच नको. अर्धी मुलं पुढे आणि अर्धी मागे, हे लहानांना सहन होत नाही.

सायली_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावंडांचा कॉल झाला, जवळजवळ सगळं ठरलं.

बुधवार-गुरुवार, संक्रांतीनंतरचा आठवडा. पंचांग पाहिलंय, संकष्टी आणि गणेश जयंती दोन्ही त्या दिवसांत नाहीत. मुक्काम खाली. एक ट्रॅव्हलर, दोन कार. बुधवारी सगळे पार्कात. जेवायला दीड वाजता एका ठिकाणी आणि परेडला एकत्र, बाकी वेळ ज्याचा त्याचा. बाळाच्या पाळ्यांचा कागद दादानेच केला, पहिली पाळी त्याने स्वतःची लावली आणि दुसरी मेहुण्यांची. गुरुवारी एक कार आणि ट्रॅव्हलर महड-पालीला, दुसरी कार मोठ्या मुलांना घेऊन वॉटर पार्कला. चुलतभावाशी बोलले. नाश्त्याला साताऱ्याहून काकूंच्या हातच्या पोळ्या आणि चटण्या आणायच्या हे त्याने स्वतःच सांगितलं. त्या बंगल्यावर, पार्कात नाही. वहिनीचं डॉक्टरांकडे विचारून ठरेल.

एकच राहिलं. आत्या म्हणतेय, दर्शन आधी, पार्क नंतर. देवाला न जाता आधी खेळायला जायचं तिला बरं वाटत नाहीये.

पालीकर_सध्या_बाणेर

सोपं आहे. द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरलात की महड वाटेतच आहे. पुण्याहून सहाला निघा, साडेआठपर्यंत दर्शन होईल, तिथून पार्क उघडायच्या आधी तुम्ही दारात. गुरुवारी फक्त पाली आणि उन्हेरे ठेवा. आत्यांना सांगा, पहिला नमस्कार वरदविनायकालाच होणार आहे.

पेठेतल्या_काकू

सहाला निघायचं तर बाळाच्या दुधाचं आणि आत्याच्या चहाचं रात्रीच थर्मासजवळ काढून ठेव. आणि आईचा कॅरोसेलवरचा फोटो काढायचं काम नातवंडांपैकी एकाला नेमून दे.

सायली_कर्वेनगर

पुतणीने घेतलंय ते काम. आजीच्या शेजारच्या घोड्यावर बसून काढणार म्हणे. ट्रॅव्हलरसाठी नऱ्ह्याच्या दादांना मेसेज केलाय.